जाळीला पदार्थ म्हणताना

काकांनी ठोकळा उचलला, खिडकीशी धरला आणि त्यातून आरपार बाहेरच्या पावसाकडे पाहिलं. मुठीत मावेल एवढा घन, नायलॉनच्या भुकटीचे थरावर थर वितळवून छापलेला. आत सगळ्या दिशांना जाणाऱ्या बारीक काड्या आणि प्रत्येक गाठीवर बारा काड्या एकत्र आलेल्या. घनाच्या आकारमानात नायलॉन दहावा भाग, बाकी सगळी हवा.

"काय म्हणता तुम्ही लोक याला?"

"पदार्थ. जाळीदार पदार्थ."

"पदार्थ म्हणजे नायलॉन. ही बांधणी आहे, अगं. ट्रस आहे हा. लहान केलास म्हणून त्याची जात बदलत नाही."

काकांची नोकरी रेल्वेच्या पुलांवर झाली, चौतीस वर्षं. ओपन वेब गर्डर हा त्यांचा विषय. ४५.७ मीटर, ६१ मीटर, ७६.२ मीटर हे गाळे त्यांच्या बोलण्यात घरच्या माणसांसारखे येतात. निवृत्तीनंतर ते मिरजेला राहतात. माझं संशोधन अगदी दुसऱ्या टोकाचं. ज्या जाळीत हजारो, लाखो काड्या आहेत, तिच्यातली एकेक काडी न मोजता ती जाळी कशी वागेल हे सांगायचं. त्यासाठी जाळीच्या जागी एक सलग पदार्थ कल्पायचा, तितकाच मऊ, तितकाच कडक, आणि गणित त्या पदार्थाचं करायचं. काकांना ही कल्पना धोक्याची वाटते. त्यांची भीती पुलांखाली उभं राहून आलेली आहे, म्हणून त्या दोन दुपारींचं आमचं बोलणं लिहून ठेवते आहे.

"काका, तुमचं पोलाद तरी सलग कुठे आहे? आत अणूंची जाळीच आहे. तुम्ही अणू मोजत नाही. किती ताणलं की किती लांबतं, किती कलतं ओढलं की किती कलतं, एवढे आकडे पोलादाला देता आणि कामाला लागता."

"एका गर्डरच्या जाडीत अणू किती मावतात? कोट्यवधी. तुझ्या ठोकळ्यात एका बाजूला खण किती?"

"आठ."

"आठ. आठ घरांच्या वाडीला तू शहर म्हणतेस आणि शहराचे नियम लावतेस."

या विषयातला सगळ्यात खरा आक्षेप हाच आहे आणि काका पहिल्याच मिनिटाला तिथे पोचले. जाळीला पदार्थ मानायचं तर तिचा एक खण, ज्या अंतरात भार किंवा वाकण बदलतं त्या अंतराच्या मानाने खूप लहान असावा लागतो. भार हळूहळू बदलत असेल तर शेजारशेजारचे खण जवळपास सारखेच ताणले जातात आणि एका खणाची गोष्ट सगळ्यांची गोष्ट ठरते. भार एका गाठीवर टेकवला, की त्या गाठीपाशी ही गोष्ट खोटी होते.

आत काकी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. ब्लाउजच्या गळ्याला लावायची पट्टी कापत होत्या. मी त्यांच्या हातातलं कापड मागून घेतलं.

"काकी, हे उभं ओढलं तर?"

"ताणत नाही. आडवंही नाही. उरेब ओढ, मग ताणतं. म्हणून तर गळ्याची पट्टी उरेब कापायची, वळणावर बसते."

"धागे मोजावे लागतात का त्यासाठी?"

"धागे कशाला मोजायचे? कापड हाताला कळतं."

मला हवं होतं ते काकींनी एका वाक्यात दिलं. कापड ही उभ्याआडव्या धाग्यांची जाळी आहे आणि शिंपी तिच्याकडे पदार्थ म्हणूनच बघतो. पण त्या पदार्थाला दिशा असते हे तो कधीच विसरत नाही. उभा ताठ, आडवा ताठ, उरेब ढिला. चौकटींच्या जाळीत कर्ण नसतील तर ती उरेब ओढल्यावर कोलमडते, मग काड्या कितीही जाड असोत. चार दांड्यांची चौकट चार पिनांनी जोडली की ती मिटते, पाचवी कर्णाची दांडी घातली की उभी राहते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली हा हिशोब नियमात बसवला. सपाट आकृतीत सांध्यांची दुप्पट करून तीन वजा करा, किमान तेवढ्या दांड्या हव्यात. चार सांध्यांना पाच.

"हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं," काका म्हणाले. "यात नवीन काय?"

नवीन असं की हाच नियम पदार्थ घडवणाऱ्यांनी उचलला. स्पंजासारख्या फेसात भिंतींचे सांधे अपुरे जोडलेले असतात, दाब आला की आतल्या काड्या वाकतात, आणि वाकणं हे काडीचं सर्वांत दुबळं रूप. असा फेस निम्मा हलका केला तर त्याचा ताठपणा निम्मा राहत नाही, चौथा भाग उरतो. काकांच्या हातातली रचना वेगळी होती. बकमिन्स्टर फुलर यांनी १९६१ साली तिचं पेटंट घेतलं तेव्हा ती इमारतींच्या छतांसाठी होती. केंब्रिजमध्ये विक्रम देशपांडे, नॉर्मन फ्लेक आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी २००१ साली तीच रचना पदार्थ म्हणून तपासली. गाठीला बारा काड्या असल्यामुळे त्या वाकत नाहीत, नुसत्या ताणल्या किंवा दाबल्या जातात. म्हणून ताठपणा वजनाच्या थेट प्रमाणात घटतो. मुख्य अक्षांच्या दिशेने तो मूळ पदार्थाच्या ताठपणाला सापेक्ष घनतेने गुणून नवाने भागला की मिळतो.

काकांनी लगेच मनात गुणाकार केला. "म्हणजे दहा टक्के भरलेल्या तुझ्या ठोकळ्यात नव्वदावा भाग. आणि फेसात?"

"शंभरावा भाग."

"मग एवढा आटापिटा कशाला? जवळपास सारखंच आहे."

"दहा टक्क्यांना सारखंच. एक टक्क्यावर या. माझ्यात नऊशेवा भाग, फेसात दहा हजारावा. अकरा पट फरक."

काका गप्प झाले. आकडा पटला की ते गप्प होतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कागद पुढे केला. "तुझी ती समतुल्यता माझ्या गर्डरवर लाव. तीस मीटरचा गाळा, अडीच मीटर उंची. वॉरन ट्रस, डायगोनल पंचेचाळीस अंशांत. टॉप आणि बॉटम कॉर्ड प्रत्येकी चाळीस चौरस सेंटिमीटर, डायगोनल बारा. भार मीटरला एक टन."

ही पद्धत लिहून दाखवायला मला आवडते, कारण तिच्यात काहीच लपलेलं नाही. ट्रसच्या जागी सलग तुळई मानायची आणि तिला दोन आकडे द्यायचे. एक, वाकण्याला विरोध किती. तो दोन कॉर्ड, म्हणजे वरचे आणि खालचे आडवे मेंबर, आणि त्यांच्यातलं अंतर यांवरून येतो. दुसरा, शिअरला विरोध किती, म्हणजे गर्डरची प्रत्येक चौकट उरेब होण्याला किती अडवते. तो डायगोनलवरून, म्हणजे कर्णांवरून येतो, कारण उरेब होण्याला अडवणारं तिथे दुसरं कोणी नसतं. मग तुळईचं नेहमीचं सूत्र. मध्यावरचं डिफ्लेक्शन, म्हणजे खाली झुकणं, वाकण्यामुळे ४२ मिलिमीटर, शिअरमुळे १३, एकूण ५५.

"भरीव तुळईत ते तेरा आम्ही सोडून देतो," काका म्हणाले.

"भरीव तुळईत चालतं, तिथे ते नगण्य असतात. जाळीत सोडले तर उत्तराचा जवळजवळ चौथा भाग गेला. जाळीला पदार्थ मानलं तरी तो पोलादासारखा पदार्थ नसतो. तो कापडासारखा असतो, उरेब ढिला."

काकांनी कागद आपल्याकडे ओढला आणि डायगोनल एकेक करून मोजले. टोकापासून मध्यापर्यंत सहा, प्रत्येकातलं बल, प्रत्येकाची लांबण, त्यांची बेरीज. त्यांचंही उत्तर १३ मिलिमीटरच आलं. त्यांनी मान हलवली. मग तीच पेन्सिल घेऊन माझं गणित मोडलं.

"तुझी तुळई म्हणते, पंचावन्न मिलिमीटर, गाळ्याच्या साडेपाचशेव्या भागाएवढं, उत्तम. आता हा टोकाचा डायगोनल बघ. टोकाला शिअर पंधरा टन. पंचेचाळीस अंशांत म्हणजे मेंबरमध्ये एकवीस टन दाब. मेंबरची लांबी साडेतीन मीटर. दोन अँगल पाठीला पाठ लावून केलेत समज, त्यांची परिभ्रमण त्रिज्या दोन पूर्णांक चार सेंटिमीटर. ऑयलरच्या सूत्राने तो किती टनाला बकल होईल?"

मी हिशोब केला. "अकरा."

"अकरा टनाला जाणाऱ्या मेंबरमध्ये एकवीस टन. तुझ्या कागदावर पूल उत्तम आहे आणि माझ्या कागदावर तो खाली पडलाय. मध्ये माणसं होती की नव्हती, एवढंच विचारायचं राहिलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला जे उत्तर द्यायचं होतं ते त्या क्षणी द्यावंसं वाटलं नाही. उत्तर होतं. सलग पदार्थाचं गणित झाल्यावर परत जाळीत उतरायचं असतं. तुळईने सांगितलेला शिअर डायगोनलमध्ये वाटून प्रत्येक काडी तपासायची असते. आमच्या क्षेत्रात हे सगळे शिकतात, आणि घाईत सगळ्यात आधी हेच गळतं. संगणकाच्या पडद्यावर भरीव ठोकळा रंगीत दिसतो, लाल कुठे, निळा कुठे. त्या रंगांमध्ये काडी कुठेच नसते.

काकी चहा घेऊन आल्या. काकांनी कपाटातून एक जुनी वही काढली. तिच्यात एका पुलाच्या एंड रेकरचं, म्हणजे टोकाच्या तिरक्या मेंबरचं, पेन्सिलचं चित्र होतं. दोन चॅनल समोरासमोर, त्यांना जोडणाऱ्या नागमोडी लेसिंगच्या पट्ट्या, आणि त्यांतली एक पट्टी धनुष्यासारखी काढलेली.

"ट्रक घासला होता. रिव्हेट सगळे शाबूत. हातोडीने एकेक वाजवून पाहिला, आवाज खणखणीत. बरोबरचे लोक म्हणाले, साहेब, भार चॅनल घेतात, लेसिंग फक्त त्यांना धरून ठेवतं. एक पट्टी वाकली तर काय होतं? मी गाड्यांचा वेग कमी करायला लावला आणि पट्टी बदलेपर्यंत तिथून हललो नाही. का, माहीत आहे?"

"क्वेबेक," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या एका पुलाबद्दल बोललो.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर हा पूल उभा राहत होता. मधला गाळा आधी १६०० फूट ठरला होता, मग १८०० केला, म्हणजे जवळपास ५४९ मीटर. गाळा वाढला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब वेळेवर नव्याने मांडला गेला नाही. खालच्या कॉर्डचे दाब घेणारे प्रचंड मेंबर चार उभ्या फळ्यांचे होते आणि त्या फळ्यांना लेसिंगच्या अँगलांनी एकत्र बांधलं होतं. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांतला एक मेंबर वाकत चालल्याचं साइटवरच्या लोकांच्या लक्षात आलं. वाक आठवड्याभरात वाढला, दोन इंचांच्या वर गेला. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होते. साइटवरचा अभियंता त्यांना भेटायला रेल्वेने गेला. २९ ऑगस्टला, कामाचा दिवस संपत आलेला असताना, दक्षिणेकडची सगळी बांधणी नदीत कोसळली. पुलावर ८६ माणसं होती, त्यांतली ७५ गेली. त्यांत ३३ जण कानावाके वस्तीतले मोहॉक कामगार होते.

"चौकशी आयोगाने काय लिहिलं? लेसिंग कमजोर," काका म्हणाले. "चार फळ्यांना त्यांनी एक भरीव खांब धरलं. ही तुझीच समतुल्यता. बघ काय केलं तिने."

"नाही काका. अर्धीच केली म्हणून असं झालं."

इथे मला काकांशी पूर्ण असहमत व्हायचं होतं आणि मी झाले. चार फळ्यांना एक खांब मानताना त्या खांबाच्या वाकण्याला होणारा विरोध मोजला गेला, त्यासाठी फळ्यांमधलं अंतर धरलं गेलं. पण फळ्या एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून जे लेसिंग होतं, त्याचा ढिलेपणा त्या खांबाला दिला गेला नाही. लेसिंग किती हवं हे अंदाजाने, सवयीने ठरलं. फ्रिडरिश एंगेसर या जर्मन अभियंत्याने १८९१ सालीच जोडखांबाचा शिअर हिशोबात घेऊन दाखवला होता, पूल पडण्याच्या सोळा वर्षं आधी. त्याचा विचार साधा आहे. खांबाला ढासळवणाऱ्या ढिलेपणाचे दोन भाग असतात, एक वाकण्याचा, एक उरेब होण्याचा, आणि त्यांची बेरीज करायची. लेसिंग बारीक असेल तर दुसरा भाग वाढतो आणि खांब ठरवलेल्या भाराच्या खूप आधी जातो. एंगेसरने लेसिंगच्या पट्ट्या एकेक मोजल्या नाहीत. त्याने त्या खांबाच्या लांबीभर पसरवून एक सलग शिअरचा विरोध मांडला. म्हणजे क्वेबेकच्या खांबाचा खरा धोका जाळीला पदार्थ मानणाऱ्या गणितातच आधी लिहिला गेला होता.

"आणि तुम्ही स्वतः हे गणित आयुष्यभर वापरलं आहे," मी म्हणाले.

"मी?"

"आय.एस. ८०० या मानकात लेसिंगच्या खांबाचा स्लेंडरनेस रेशो किती घ्यायचा?"

"काढलेला असेल त्याच्या एक पूर्णांक शून्य पाच पट. बॅटन असेल तर एक पूर्णांक एक." हे त्यांना झोपेतही पाठ आहे.

"ते पाच टक्के कशाचे?"

काका थांबले. मानकात कारण लिहिलेलं आहे, शिअरमुळे होणाऱ्या विकृतीसाठी. प्रत्यक्ष रकान्यात मात्र तो फक्त एक गुणक असतो. एंगेसरचा सगळा विचार त्या पाच टक्क्यांत दाबून बसवला आहे. खांबातल्या भाराच्या किमान अडीच टक्के आडवा शिअर लेसिंगने सोसला पाहिजे, हा नियम त्याच्या शेजारीच असतो. लेसिंगचा कोन चाळीस ते सत्तर अंश हवा, हाही. हे तिन्ही नियम मिळून काकांच्या वहीतल्या त्या वाकलेल्या पट्टीचं उत्तर देतात. चॅनल भार घेतात हे खरं, पण दोन चॅनल मिळून एक खांब होतो तो पट्टीमुळे. पट्टी गेली की दोन सुटे, बारीक चॅनल उरतात.

"हं," काका म्हणाले. "म्हणजे मी पट्टी बदलायला लावली ती तुझ्या बाजूने."

"तुमच्याच बाजूने. पण कारण एंगेसरचं."

जाळीला पदार्थ मानणारं हे गणित पुढे अंतराळातल्या रचनांसाठीही वापरलं गेलं. अंतराळात काकांना फार रस नव्हता, मला आहे. १९७०च्या दशकात नासाच्या लँग्ली केंद्रात प्रचंड जाळीदार रचनांचे आराखडे होत होते आणि त्या काळच्या संगणकांना हजारो दांड्या एकेक करून सोडवणं महागात जायचं. अहमद नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अशा रचनांसाठी समतुल्य तुळई आणि समतुल्य पाट यांची सूत्रं मांडली. एका खणात साठणारी ऊर्जा आणि पदार्थाच्या तेवढ्याच तुकड्यात साठणारी ऊर्जा सारखी ठेवायची, हा त्यांचा पाया. आज लाखो दांड्या सोडवणं कठीण नाही. तरीही ही पद्धत टिकली, कारण रचना ठरवण्याच्या काळात माणसाला समजायला मूठभर आकडे लागतात, लाखभर नाहीत. कोणत्या आकड्याने काय बदलतं हे डोक्यात धरता आलं पाहिजे.

फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानातून ६० मीटर लांबीचा एक मनोरा बाहेर उलगडला. ८७ सारखे खण, एकाला एक लागून. त्याच्या टोकाला रडारचा दुसरा अँटेना होता आणि त्या मोहिमेने जमिनीची उंची मोजली. सह्याद्रीच्या घाटांची उंची दाखवणाऱ्या किती तरी नकाशांमागे त्या मोजणीचे आकडे आहेत. काकांना मी सांगितलं, सत्त्याऐंशी खण, आता हे शहर म्हणायला हरकत नाही ना? त्यांनी ते मान्य केलं.

पण त्यांच्याकडे अजून एक गोष्ट होती. अमेरिकेतलं हार्टफर्ड, १८ जानेवारी १९७८ची पहाट. क्रीडागृहाचं ९१ बाय ११० मीटरचं जाळीदार छत बर्फाच्या भाराखाली खाली आलं. काही तासांपूर्वीच बास्केटबॉलचा सामना पाहून सुमारे पाच हजार माणसं त्याच छताखालून घरी गेली होती. वरच्या कॉर्डचे दाबातले मेंबर चार अँगल जोडून फुलीच्या आकाराचे केले होते आणि त्यांना बाजूने पुरेसा आधार नव्हता. ते बकल झाले. "तिथेही गणित सुंदर होतं," काका म्हणाले. "संगणकावर केलेलं."

"काका, त्या गणितात एकेक दांडी मोजली होती. समतुल्य पदार्थ तिथे नव्हताच."

"ते माहीत आहे मला. म्हणून तर सांगतोय. दांड्या मोजूनही चुकतं."

"आणि उभारणीच्या वेळी छत गणिताच्या दुप्पट वाकलेलं दिसलं होतं, हेही माहीत असेल."

"माहीत आहे. कोणी थांबलं नाही."

या मुद्द्यावर आम्ही दोघं एकाच बाजूला आलो आणि ते कुणी मुद्दाम केलं नव्हतं. डिफ्लेक्शन हा अख्ख्या छताचा आकडा आहे, एका दांडीचा नाही. छत स्वतःहून सांगत होतं की ते कागदावरच्या छतापेक्षा ढिलं आहे. कुठे ढिलं, हे त्या आकड्यातून कळत नाही. पण ढिलं आहे एवढं कळल्यावर पुढे दांडीपर्यंत जायला माणूस लागतो, रिव्हेट वाजवून ऐकणारा. मला माझ्या क्षेत्राबद्दल वाटणारी काळजी हीच आहे. आज जाळीदार पदार्थ हाडांतल्या रोपणांत आणि विमानांच्या भागांत बसू लागले आहेत. रोपणं तर जिवंत माणसाच्या मांडीत असतात. पदार्थाचा आकडा आम्ही अगदी नेमका काढतो. पण काडीकाडीत छापताना राहिलेला बारीक दोष, एखादी किंचित वाकडी काडी, पृष्ठभागाजवळचा कापला गेलेला अर्धा खण, हे सगळं त्या आकड्यात विरघळून जातं. ताठपणा सरासरीने ठरतो, म्हणून तो सांगता येतो. तुटणं सर्वांत कमजोर जागेवर ठरतं.

"म्हणजे तू मान्य केलंस."

"अर्धं. सलग पदार्थाचं गणित चुकत नाही. पदार्थाला जे विचारलं नाही ते तो सांगत नाही, एवढंच. पृष्ठभागाजवळ किंवा भार टेकतो तिथे खणाखणात गाठी फिरतात. ते फिरणं साध्या पदार्थाला माहीत नसतं, म्हणून त्याला ते शिकवावं लागतं. फ्रान्समध्ये कॉसेरा बंधूंनी १९०९ साली असा पदार्थ मांडला, ज्याचा प्रत्येक बिंदू नुसता सरकत नाही, फिरतोही. जाळीसाठी तो फार कामाचा आहे."

"म्हणजे पदार्थाला जितकं शिकवत जाल तितका तो परत ट्रस होत जाणार."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मला ते अजून खोडता आलेलं नाही.

संध्याकाळी पाऊस उघडला. काकांनी तोच कागद परत काढला, ज्यावर एकवीस टन आणि अकरा टन लिहिलेलं होतं.

"आता हा पूल उभा करू. बकल होणारे डायगोनल कोणते? दाबातले. पहिला एकवीस टनांचा, तिसरा चौदा टनांचा. दोन्ही टोकांचे धरून चार. हे चार मी अठ्ठावीस चौरस सेंटिमीटरचे करतो, जाड अँगल. बाकीचे बाराच राहू देत. पाचव्यात सात टन, त्याचं बघू नंतर. आता तुझे तेरा मिलिमीटर किती?"

हा प्रश्न अवघड होता, कारण माझा पदार्थ आता सगळीकडे एकसारखा राहिला नव्हता. टोकाशी कडक, मग मऊ, मग पुन्हा कडक, आणि बदल होत होता तो प्रत्येक खणागणिक. सलग पदार्थ मानण्याची अटच मोडली होती. मी पेन्सिल घेतली आणि एकेक डायगोनल मोजायला लागले, पहिला, दुसरा, तिसरा.

काका मात्र कागदाकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे अर्धवट मिटले होते. "टोकाचा शिअर सर्वांत जास्त आणि तिथेच तू कडक केलंस," ते स्वतःशी बोलावं तसं म्हणाले. "तेरा होते, त्यांतला तिसरा हिस्सा तरी जाणार. नऊ?"

माझी बेरीज संपायला आणखी दोन मिनिटं लागली. नऊ मिलिमीटर.

"पाचवा बघ आता," काका म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला.